गेलेल्यांना कोण मोजतं? गिरणगावावरचं एक पुस्तक, जनगणनेचा एक आकडा आणि माझी एक चूक



पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी संशोधन आराखड्यात एक वाक्य लिहिलं होतं आणि लिहिल्यावर मला फार बरं वाटलं होतं. वाक्य असं: "२००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबईच्या जी-दक्षिण विभागाची लोकसंख्या सुमारे ४ लाख ५८ हजारांवरून ३ लाख ७८ हजारांवर आली, म्हणजेच गिरण्यांच्या जमिनींच्या पुनर्विकासामुळे ८० हजार लोक विस्थापित झाले."

आकडे जनगणनेचे, वजाबाकी बरोबर, विषय जिव्हाळ्याचा. आमच्या मॅडमनी वाक्य वाचलं, 'म्हणजेच' या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि विचारलं, "हे ८० हजार कोण? तू भेटलीस त्यांना?"

मी एम.एस्सी. संख्याशास्त्रात केलं आहे. आकडा हातात असला की माणसाला भेटायची गरज नाही, अशी एक सवय त्या शिक्षणातून लागते. पण सामाजिक संशोधनाकडे वळलेल्या आपल्यासारख्यांना दुसरीही एक सवय लागते, ती म्हणजे माणसाला भेटलं की आकड्याची गरज नाही असं वाटणं. आजचा लेख या दोन्ही सवयींबद्दल आहे. त्यासाठी मी गिरणगावावरचं एक चांगलं पुस्तक टीकेसाठी घेते आहे. पुस्तक वाईट असतं तर हा लेख लिहायची गरजच पडली नसती.

आधी थोडी पार्श्वभूमी

गिरणगाव म्हणजे मध्य मुंबईतला परळ, लालबाग, शिवडी, लोअर परळ, वरळी, भायखळा, चिंचपोकळी असा पट्टा. महापालिकेच्या नकाशात याचा मोठा भाग जी-दक्षिण आणि एफ-दक्षिण या दोन विभागांत येतो, काही भाग ई विभागात. एकेकाळी इथं गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावली जात. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि प्रश्न उरला सुमारे ६०० एकर जमिनीचा.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ नं या जमिनीची ढोबळ वाटणी ठरवली: एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. आता वाटणी संपूर्ण जमिनीची नाही, तर ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढ्याच तुकड्याची, असा अर्थ निघाला. गिरणीच्या आवारात बहुतेक जागेवर शेडच असतात, त्यामुळे म्हाडाचा आणि मोकळ्या जागेचा वाटा आक्रसला. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मूळ वाटणीच्या बाजूनं निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला.

एवढं लक्षात ठेवा. शेवटी याकडे परत यायचं आहे.

पुस्तक काय करतं

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' हे पुस्तक २००४ मध्ये कोलकात्याच्या सीगल प्रकाशनानं काढलं. गिरणगावाचा हा मौखिक इतिहास आहे. शंभराच्या आसपास माणसांचं बोलणं, मध्ये मध्ये लेखिकांचं सूत्रसंचालन आणि सुरुवातीला इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांचा दीर्घ प्रास्ताविक निबंध अशी त्याची रचना. गिरणगावावर काम करायचं ठरवलंत तर पहिल्या आठवड्यात हे पुस्तक वाचा, असं मी सांगेन.

का? एक, माणसं त्यात स्वतःच्या भाषेत विचार करताना दिसतात. 'प्रतिसादक क्रमांक १४' असा कोणी नाही. दोन, गिरणगाव म्हणजे फक्त गिरणी नव्हे, हे त्यातून नीट कळतं. चाळ, खाणावळ, व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळ, शाहिरी कलापथक, युनियनचं ऑफिस हे सगळं एकाच अंगणात होतं. तीन, लेखिका स्वतः गिरणी जमिनींच्या लढ्याशी जोडलेल्या होत्या आणि तटस्थतेचा आव त्या आणत नाहीत. संशोधकानं स्वतःची बाजू उघड सांगणं हा दोष नाही. लपवणं हा दोष आहे.

चंदावरकरांच्या लेखनातली एक गोष्ट मला कायम उपयोगी पडते. १९२० च्या दशकात शहरातले सुमारे ९० टक्के गिरणी कामगार कामाच्या जागेपासून १५ मिनिटांच्या चालीवर राहत होते. मजुरी, उधारी, भाड्याची खोली आणि संप हे सगळं त्या १५ मिनिटांच्या आत घडत होतं. त्या काळात कामगारवस्तीतलं घर 'परवडणारं' होतं म्हणजे काय, तर रेल्वेच्या पासाशिवाय जगता येत होतं. हा मुद्दा आपण पुढे वापरू.

पुस्तकाची मर्यादा

आता टीका. या पुस्तकाचा भर गिरणगावातल्या, तिथल्या चळवळींत वावरलेल्या, तिथंच भेटू शकणाऱ्या माणसांवर आहे. मौखिक इतिहासात हे साहजिक आहे. आपण मुलाखतीला तिथं जातो जिथं माणूस सापडतो, आणि एका माणसाकडून दुसऱ्याचा पत्ता मिळतो. पण यातून एक गाळणी तयार होते. संपानंतर जो कामगार रत्नागिरीला, साताऱ्याला किंवा कोल्हापूरकडच्या गावी गेला आणि परत आलाच नाही, तो या साखळीत येण्याची शक्यता कमी. जो १९८५ च्या सुमारास खोली सोडून विरारला गेला, युनियनशी ज्याचा संबंध कधीच नव्हता, गणपती मंडळाच्या वर्गणीपुरताच जो सार्वजनिक होता, तोही कमीच येणार.

आमच्या विषयात याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. सोप्या भाषेत, जे उरले त्यांनाच विचारून जे गेले त्यांच्याविषयी निष्कर्ष काढणं. पुस्तक स्वतः हा निष्कर्ष काढायला फारसं जात नाही. ते आठवण आणि राजकारण यांच्याबद्दल बोलतं आणि तिथं ते भक्कम आहे. गडबड करतो आपण. 'गिरणगावाचं लोकसंख्येचं स्वरूप बदललं' असं वाक्य लिहितो आणि पुरावा म्हणून या पुस्तकातल्या तीन आठवणी जोडतो. आठवण हा बदल कसा अनुभवला गेला याचा पुरावा आहे. किती जण, कोणत्या वयाचे, कोणत्या वर्षी, कुठं गेले, याचा पुरावा ती होऊ शकत नाही.

दुसरी मर्यादा सुरुवातीच्या वर्षाची. 'पूर्वी इथं सगळे कामगार होते, आता नाहीत' या वाक्यात 'पूर्वी' म्हणजे कधी? १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया होत्या. म्हणजे ज्या गिरणगावाला आपण मूळ म्हणतो ते एका अर्थानं बायकापोरं गावी ठेवून आलेल्या पुरुषांचं, पाळीपाळीनं एकाच खोलीत झोपणाऱ्यांचं गाव होतं. आजीआजोबा, नातवंडं, दारात रांगोळी असं चाळीचं जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं ते त्यानंतर हळूहळू घडलेलं आहे. ही वस्ती कधीच स्थिर नव्हती. त्यामुळे 'बदल झाला' हा शोधच नव्हे. कोणता बदल, कोणत्या दोन वर्षांच्या मधला आणि कोणी लादलेला, हे सांगितलंत तर तो शोध.

मग जनगणना तरी?

आता उलट बाजू. आठवणींवर भरवसा नाही म्हणून मी जनगणनेकडे गेले आणि पहिल्या वर्षी तोंडावर आपटले ते इथंच.

आकडे खरे आहेत. २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आली. जी-दक्षिण सुमारे साडेसतरा टक्क्यांनी घटला. शेजारचा एफ-दक्षिण सुमारे ३.९६ लाखांवरून ३.६१ लाखांवर, म्हणजे नऊएक टक्क्यांनी. त्याच दहा वर्षांत उपनगर जिल्हा सुमारे ८६ लाखांवरून साडे त्र्याण्णव लाखांवर गेला आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा तब्बल ३६ टक्क्यांनी वाढून एक कोटी दहा लाखांवर पोचला. नकाशा समोर ठेवला की गोष्ट आपोआप लिहिली जाते: माणसं लालबागहून उठली आणि डोंबिवलीला गेली.

पण लोकसंख्याशास्त्रातलं पहिल्या धड्यातलं समीकरण आठवा. दुसऱ्या वर्षीची लोकसंख्या म्हणजे पहिल्या वर्षीची लोकसंख्या, अधिक जन्म, वजा मृत्यू, अधिक आलेले, वजा गेलेले. जनगणनेनं मला या समीकरणाची दोन टोकं दिली होती. मधल्या चार पदांची बेरीज-वजाबाकी मिळून ८० हजारांची घट आहे एवढंच मला ठाऊक होतं. त्यातली तीन पदं शून्य आहेत असं मी गृहीत धरलं आणि सगळी घट 'गेलेले' या चौथ्या पदाच्या नावावर टाकली.

यात दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. वस्ती म्हातारी होत असेल, तरुण जोडपी कमी असतील, तर जन्म घटतात, मृत्यू वाढतात आणि कोणी न जाताही आकडा खाली येतो. जनगणनेच्या वेळी इमारत पाडलेली असेल आणि भाडेकरू संक्रमण शिबिरात असतील, तर ते तात्पुरते दुसरीकडे मोजले जातात. याउलट, समजा नव्या मनोऱ्यांत ५० हजार नवे लोक राहायला आले असतील, तर ८० हजारांच्या घटीमागे प्रत्यक्षात १ लाख ३० हजार लोक गेलेले असू शकतात. हा आकडा फक्त समजावण्यासाठी घेतला आहे, पण मुद्दा कळला असेल. निव्वळ घट ही जाणाऱ्यांची संख्या नसते. ती खऱ्या संख्येपेक्षा जास्तही असू शकते, कमीही.

शिवाय जनगणना त्या दिवशी त्या जागेत असलेल्यांना मोजते. २००१ मध्ये मोजलेला माणूस आणि २०११ मध्ये मोजलेला माणूस यांना जोडणारा धागा तिच्यात नाही. 'मराठी टक्का' वगैरे चर्चा करणाऱ्यांनी तर आणखी जपून असावं. मातृभाषेचे तक्ते जिल्हा आणि शहर पातळीवर मिळतात. लालबागच्या एखाद्या गल्लीविषयी ठामपणे सांगणाऱ्याला विचारा, हा आकडा कोणत्या तक्त्यातला?

थोडक्यात, पुस्तक उरलेल्यांना ऐकतं आणि जनगणना जागेला मोजते. गेलेला माणूस दोन्हींच्या हातून निसटतो. आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्याच्याकडे असतं.

काकींचं वाक्य

मॅडमच्या त्या गोलानंतर मी लालबागमधल्या एका चाळीत जाऊ लागले. दुसऱ्या मजल्यावर एक काकी राहतात. नवरा गिरणीत होता. मी माझी ठरलेली प्रश्नावली काढली आणि 'विस्थापनाचा अनुभव' या भागावर आले. काकी म्हणाल्या, "आम्हाला कुणी काढलं नाय गं बाळा. तीन पोरं. थोरला इथंच हाय. मधल्याचं लगीन ठरलं तेव्हा तो डोंबिवलीला गेला, धाकटा नालासोपाऱ्याला. जागा पुरली नाय, एवढंच."

एवढंच.

माझ्या प्रश्नावलीत या उत्तरासाठी चौकोन नव्हता. विस्थापन म्हणजे बुलडोझर, नोटीस, बिल्डरचा माणूस, असं मी धरून चालले होते. इथं कोणीच घर सोडलं नव्हतं. खोली तीच, भाडेपावती तीच, थोरला मुलगा त्याच खोलीत. आणि तरीही तीन मुलांमधली दोन गेली होती. ज्या दिवशी गेली त्या दिवशी दारात तोरण लागलेलं होतं. मग त्याला विस्थापन कोण म्हणणार?

माझ्या प्रबंधाचा प्रश्न मला इथं सापडला. गिरणगावात परवडणाऱ्या घराचा प्रश्न घर सोडताना कमी दिसतो. तो दिसतो एका घरातून दुसरं घर निघताना. म्हणजे लग्नात, वाटणीत, बाळंतपणात.

जरा हिशेब मांडा. मुंबई भाडे कायदा १९४७ चा. त्यानं भाडी १९४० च्या पातळीला बांधली. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंही जुन्या भाडेकरूंना बरंचसं संरक्षण चालू ठेवलं. त्यामुळे चाळीतली खोली हे मुंबईतलं सगळ्यात स्वस्त घर ठरलं. पण कोणासाठी? ज्याच्या नावावर पावती आहे त्याच्यासाठी. नवीन खोली घ्यायची तर पागडी मोजावी लागते, आणि ती बाजारभावाच्या मागेच धावते. म्हणजे हे परवडणारं घर एकाच माणसाला परवडतं. त्याला दुसरं फुटवा येत नाही.

पुनर्विकासातही हेच गणित. उपकरप्राप्त इमारतींच्या नियम ३३(७) मध्ये पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. पावती एक, घर एक. त्या पावतीमागे तीन भाऊ आहेत की एक, हे नियम विचारत नाही. मग भाऊ बसून ठरवतात: एकानं इथं राहायचं आणि दोघांना पैसे द्यायचे, किंवा घर विकून तिघांनी लांब जायचं. कागदावर यात कोणीही विस्थापित नाही. सगळे 'पुनर्वसित' आहेत.

आता ६०० एकरांकडे परत

तुम्ही म्हणाल, मग बिल्डर, मालक आणि सरकार सगळे निर्दोष सुटले की! घरातल्या घरातच मामला होता म्हणायचा?

नाही. उलट धोरणाचा दोष इथं जास्त नेमकेपणानं धरता येतो. ज्यांच्याकडे खोली होती त्यांना नियम ५८ च्या दुरुस्तीनं काही बाहेर काढलं नाही. तिनं जे आक्रसलं ते पुढचं घर. म्हाडाला मिळायच्या जमिनीवर ज्यांना जागा मिळण्याची शक्यता होती ते मधले आणि धाकटे मुलगे होते, लग्न होऊन त्याच भागात राहू पाहणाऱ्या मुली होत्या. २००१ ची दुरुस्ती झाली तेव्हा यातल्या अनेकांची लग्नं ठरायची होती. जे घर बांधलंच गेलं नाही त्यातून कोणाला हुसकावता येत नाही, म्हणून हे नुकसान मोजणीत येत नाही. त्याला तक्रार करणारा सापडत नाही. काकीसुद्धा तक्रार करत नव्हत्या.

गिरणी कामगारांच्या सोडतीकडेही याच नजरेनं बघा. २०१२ मध्ये म्हाडानं ६,९२५ घरांची सोडत काढली. घर २२५ चौरस फुटांचं, किंमत साडेसात लाख. मार्च २०२० मध्ये आणखी ३,८९४ घरं, किंमत साडेनऊ लाख. अर्ज करणारे कामगार आणि वारस दीड लाखांहून जास्त. मध्ये पनवेलजवळच्या कोन इथल्या घरांचीही सोडत झाली. पुढे शेलू आणि वांगणीच्या घरांचा प्रस्ताव आला आणि 'आम्हाला मुंबईतच घर द्या' म्हणत जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार आझाद मैदानावर जमले. वर्तमानपत्रांत या सगळ्याची बेरीज 'गिरणी कामगारांची घरं' या एकाच शीर्षकाखाली होते. पण लालबागमधलं २२५ फुटांचं घर आणि वांगणीतलं घर हे संशोधनाच्या दृष्टीनं एकाच स्तंभात बसत नाहीत. चंदावरकरांची ती १५ मिनिटं आठवा. वांगणीहून परळला यायला लोकलमध्ये दीड तास जातो. एक घर माणसाला वस्तीत ठेवतं, दुसरं त्याला वस्तीतून काढून मालक करतं.

आणि 'परवडणारं' हा शब्द तरी कोणत्या मापानं? एप्रिल २०१९ पासून जीएसटीसाठी महानगरातलं परवडणारं घर म्हणजे ६० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत. या व्याख्येत किंमत आहे, क्षेत्रफळ आहे. कोणाचं उत्पन्न आणि कामापासून किती अंतर, हे दोन्ही नाहीत. संशोधनात ढोबळमानानं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत घरखर्च परवडणारा धरतात. त्यात प्रवासखर्च धरला की उत्तर पुन्हा बदलतं. तुमच्या आराखड्यात 'परवडणारं घर' हे शब्द असतील, तर ते कोणत्या व्याख्येनं, हे पहिल्या पानावर लिहा. मी पहिल्या मसुद्यात लिहिलं नव्हतं.

मग करायचं काय?

नुसती टीका करून उठणं बरं नव्हे. मी प्रश्नावलीत जे बदल केले ते सांगते. तुम्ही तुमच्या गावासाठी, वस्तीसाठी वापरून बघा.

पहिला बदल: मी जागेऐवजी कुटुंबाचा माग काढते. भेटलेल्या प्रत्येकाला विचारते की तुमची भावंडं किती, मुलं किती, आणि आज प्रत्येक जण कुठं राहतो. कोणत्या वर्षी गेला, जाण्याच्या वर्षी घरात काय घडलं होतं. लग्न, मूल, मृत्यू, नोकरी सुटणं, पुनर्विकास. उरलेल्यांना विचारूनच गेलेल्यांची यादी होते, पण आता ती आठवण म्हणून नाही, नोंद म्हणून.

दुसरा बदल: या यादीतही छिद्र आहे, ते मान्य करणं. जे कुटुंब अख्खं गेलं, त्याचं इथं कोणीच नाही. त्यांना शोधायला दुसरं दार हवं. गिरणगावात गावोगावच्या मंडळांच्या खोल्या असायच्या, काही अजून आहेत. चाळीच्या जुन्या भाडेपावत्या, मतदारयाद्या, शाळेची पटावरची नावं, गणेशोत्सव मंडळाची वर्गणीची वही, ही सगळी दारंच आहेत. गणपतीत तर माणसं स्वतःच परत येतात. प्रत्येक दारातून वेगळ्या प्रकारची माणसं येतात आणि वेगळ्या प्रकारची सुटतात, हे मात्र लिहून ठेवायचं. आणि नावं गोळा करताना संमती आणि गोपनीयता आधी, उत्साह नंतर.

तिसरा बदल सगळ्यात छोटा. मी मसुद्यात 'म्हणजेच', 'त्यामुळे', 'साहजिकच' हे शब्द शोधते आणि प्रत्येकाभोवती स्वतःच गोल काढते. आकडा आणि कारण यांच्यामध्ये आपण जो पूल बांधलेला असतो, तो बहुतेक वेळा याच शब्दांवर उभा असतो. एवढं वजन तो पेलतो का, हे मग तपासते.

पुढची जनगणना २०२७ मध्ये आहे. तिचे विभागवार आकडे येतील तेव्हा परळ-लालबागचे रंगीत नकाशे तयार होतील, त्यावर लेख आणि भाषणंही होतील. कोणी म्हणेल वस्ती रिकामी झाली, कोणी म्हणेल वस्ती सुधारली. तुमच्यातले काही तोवर संशोधक झालेले असतील आणि त्यांना मत विचारलं जाईल. तेव्हा वजाबाकी करायला एक मिनिट लागेल. पण उत्तर देण्याआधी डोंबिवलीच्या मधल्या मुलाला आणि नालासोपाऱ्याच्या धाकट्याला गाठा. काकींनी मला दोघांचे फोन नंबर दिले. मधल्यानं रविवारी भेटायचं कबूल केलंय. इतर दिवशी त्याला वेळ नसतो. तो रोज कामाला परळलाच येतो.